कोण घेणार हा गणवेश?

पहिल्या महायुद्धातले भरतीचे एक उर्दू भित्तिपत्रक लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. चित्रात गणवेश, रायफल आणि पैसे. हे कोण घेणार, असा सवाल. जो ताबडतोब पलटणीत जाईल तो, असा जबाब.

१९१४ मधले आल्फ्रेड लीटचे लॉर्ड किचनर आठवा. रोखलेली नजर, रोखलेले बोट. बघणारा जणू आधीच देशाचा देणेकरी. इथे ना देश, ना शत्रू. दुकानाच्या फळीवर मांडावा तसा माल. यातला पैसा सहज डोळ्यांत भरतो. मला मात्र तो गणवेश अधिक बोलका वाटतो. त्यात माणूसच नाही, म्हणून तो कुणाच्याही अंगाला बसेल असे वाटते.

ही या चित्राची खरी थाप. उर्दू मजकूर उत्तरेकडच्यांसाठी असेल. पण कळंबला बसून तो वाचताना मला आमचा पुणे जिल्हा आठवतो. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची सैन्यभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. म्हणजे युद्ध पेटण्याआधीच इथली माणसे ‘आम्ही घेतो’ म्हणत दारात उभी होती. गणवेश द्यायचा कुणाला, हे सरकार जात पाहून ठरवत होते. माणसे कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली, आणि महार रेजिमेंट निघायला १९४१ उजाडले. तेव्हाही महायुद्धच चालू होते.