मकरंदाच्या दोन चाली

पांढुर्ण्याच्या संत्राबागांत आंबिया बहार फुटतो तो थंडी सरता सरता. त्या दिवसांत सगळे शिवार पांढऱ्या फुलांच्या वासाने भरलेले असते आणि मधमाश्यांचा नाद दिवसभर कानांवर येत राहतो. बागेत उभे राहिले की मला दरवर्षी ‘घेई छंद मकरंद’ आठवते, आणि आठवते ते एका चालीत नाही, दोन चालींत. एक माशी फुलात शिरून स्तब्ध झालेली असते, दुसरी या फुलावरून त्या फुलावर झेपावत असते. जितेंद्र अभिषेकींनी एकाच पदाला दोन चाली दिल्या, त्यांतला फरक मला याहून नेमका सांगता येत नाही.

हे पद ज्यातले, ते ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. लिहिले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. खाँसाहेब आफताब हुसेन उभे केले वसंतराव देशपांड्यांनी, जे जन्मले मूर्तिजापुरात आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणे शिकले. म्हणजे शब्द नागपूरचे, गळा वऱ्हाडातून आलेला आणि चाल गोव्यातल्या मंगेशीच्या अभिषेकींची. आमच्या पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचे नागपूरशी असलेले नाते नकाशावर १ नोव्हेंबर १९५६ रोजी तुटले. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्या ज्यात होत्या तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पण १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीला या रेषेचे काही देणेघेणे नव्हते. आमच्याकडे नाट्यसंगीत आले ते रेडिओवरून, आणि गावातल्या भजनी मंडळांच्या, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या शेजारी येऊन बसले. नाटक पाहिलेले नसताना त्यातली पदे पाठ असणारी माणसे आमच्या भागात भेटतात, ती यामुळे. या ऐकण्याची एक मर्यादाही आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी वसंतरावांचे गाणे. खाँसाहेबांची चाल द्रुत आहे. पण वेगाने गाणारे पुष्कळ असतात. वसंतरावांच्या वेगात एक प्रकारची बेचैनी आहे. तान सुरू होते तेव्हा ती कुठे उतरणार याचा अंदाज बांधावा, तर ती भलत्याच स्वरावर वळते आणि समेला मात्र बिनचूक हजर असते. शब्द तोडले जातात, पुन्हा जोडले जातात, एखादे अक्षर ते चावून सोडतात. हे सगळे खाँसाहेबांच्या स्वभावातून येते. वर्षानुवर्षे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकरांच्या गाण्यापुढे मागे राहिलेला, आपले मोठेपण जगाने पाहावे म्हणून आसुसलेला हा माणूस फुलावर शांत बसेल कसा? त्याला सगळा मध एकदमच हवा आहे. पंडितजींची चाल याच शब्दांना ठाय लयीत धरते, तिथे मध मिळालेला आहे आणि गाणे त्याच्या चवीत बुडालेले आहे. शब्द तेच, अर्थ दोन. दोन घराण्यांचे भांडण अभिषेकींनी चालीतून मांडले. संगीत नाटकात संगीताने नाटक करावे ही अपेक्षा इतकी पुरी झालेली उदाहरणे थोडीच.

वसंतरावांच्या या आक्रमक गायकीमागे दीनानाथ मंगेशकर उभे आहेत, हे कान सांगतो. दीनानाथांची झेप, अनपेक्षित स्वरावरचा हल्ला आणि तिथून सहज परतणे वसंतरावांनी आत्मसात केले. मग त्यात लाहोरला असद अली खाँ, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, किराण्याचे सुरेशबाबू माने अशा वेगवेगळ्या ठिकाणचे शिकणे मिसळले. दीनानाथांच्याही मागे केशवराव भोसले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर समोरासमोर आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेपल्स शहरात एन्रिको कारुझो हा ऑपेराचा थोर टेनर वारला. ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या, वरच्या पट्टीत पेटणाऱ्या पुरुषी आवाजाचे दोन मोठे धनी जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी गेले.

ऑपेराच्या रसिकांचे एक सुख आपल्याला पटकन कळण्याजोगे आहे. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’मधले ‘नेस्सून दोर्मा’ हे गीत ते ब्योर्लिंगकडून ऐकतात, कोरेल्लीकडून ऐकतात, पावारोत्तीकडून ऐकतात आणि शेवटचा वरचा स्वर कोणी कसा लावला यावर रात्र जागवतात. लिहिलेल्या स्वरलिपीत तो स्वर क्षणभराचाच आहे. गायकांनी तो लांबवला आणि लोकांना आता तो लांबच हवा असतो. तिथे सगळे जण तेच स्वर त्याच क्रमाने गातात, म्हणून फरक राहतो तो आवाजाच्या पोताचा, श्वासाचा, उच्चाराचा. आपल्याकडे चाल हा फक्त आराखडा. पट्टी ज्याची त्याची, विस्तार ज्याचा त्याचा. त्यामुळे आपली तुलना अधिक अवघड आणि अधिक रसाची व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आपण ती तानांच्या मोजणीवर आणून ठेवली आहे. लांबवलेला स्वर जसा तिथे टाळीचा हुकमी एक्का, तशी इथे लांबलेली तान.

आजची स्थिती वरवर चांगली दिसते. २०१० मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांड्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणले, आजोबांची भूमिका स्वतः केली, महेश काळ्यांनी नाटकातल्या सदाशिवची भूमिका गायली. २०१५ मध्ये सुबोध भावे यांचा चित्रपट आला, त्यात पंडितजी झालेल्या शंकर महादेवनांनी ठाय चाल गायली आणि खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांड्यांचा होता. राहुल यांचा गळा विलक्षण तयार आहे आणि आजोबांची नुसती नक्कल करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे, याचे मला कौतुक वाटते. त्यांचा खाँसाहेब अधिक गोल, अधिक सुरेल आहे. मात्र वसंतरावांच्या आवाजातले ते खरखरीत, दुखावलेले काहीतरी त्यात कमी पडते. महादेवनांच्या स्वरांत स्वच्छता आहे, पण ठाय चालीला लागणारा निवांतपणा मला त्यांच्यापेक्षा जुन्या संचात पंडितजी झालेल्या भार्गवराम आचरेकरांच्या गाण्यात अधिक सापडतो.

पुढची गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘बालगंधर्व’साठी आनंद भाट्यांना मिळाला, ‘कट्यार’साठी महेश काळ्यांना, ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांड्यांना. तिघेही या मानाला पात्रच. पण तिन्ही वेळा नाट्यसंगीताचा गौरव झाला तो सिनेमामार्फत. रंगभूमीवर, भूमिकेत उभे राहून, समोरच्या नटाच्या वाक्याला उत्तर म्हणून पद गाणारा गायक नट आता दुर्मीळ झाला आहे. उरल्या आहेत त्या ‘नाट्यरंग’ छापाच्या मैफली. एकामागून एक दहा-बारा पदे, मध्ये निवेदकाचे किस्से, शेवटी भैरवी. पद कोण कोणाला का म्हणतो आहे, हे ना गाणाऱ्याला आठवत, ना ऐकणाऱ्याला.

मघाशी म्हटलेली मर्यादा ती हीच. पांढुर्णा-सौंसरला संगीत नाटक नेहमीच रेडिओवर, म्हणजे नाटकाशिवाय, भेटले. नागपूरला गेले तर सिव्हिल लाइन्समध्ये वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह तिथल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातर्फे होतो. आमच्या भागातले हौशी गायक मोबाइलवर ‘घेई छंद’ ऐकून बसवतात, मेहनतीने बसवतात. एखादा मुलगा गणेशोत्सवात ते गातो तेव्हा शिट्ट्या पडतात. पण तो बसवतो ती खाँसाहेबांचीच चाल, आणि तीही तानांसकट जशीच्या तशी. पंडितजींची चाल त्याला कोणी ऐकवलेलीच नसते. मोठ्या शहरांतल्या मैफलींतही बहुतेकदा हेच चित्र आहे, त्यामुळे त्या मुलाला दोष कसा द्यावा?

माझी मागणी अगदी साधी आहे. कोणीतरी एका संध्याकाळी, शक्यतो पांढुर्ण्यात, बहार फुटलेला असताना, आधी पंडितजींची चाल पुरी गावी. घाई न करता, टाळी मागणारी जागा न शोधता. मग दुसऱ्या गळ्याने खाँसाहेबांची चाल उचलावी. मध्ये निवेदन नको, फक्त दारव्हेकरांनी लिहिलेला प्रवेश असावा, आणि पेटीवाला पट्टी बदलेपर्यंत मांडवात शांतता असावी.