एका वाचनालयाचा अहवाल वाचताना

वार्षिक अहवाल हे वाङ्मय आहे काय? आपल्या समीक्षकांनी तसे कधी मानले नाही. परंतु ज्या लेखनातून एखादी संस्था स्वतःचे चित्र रंगविते, कोणाला पात्र म्हणून आणायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरविते, ते लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर का ठेवावे? मी मोर्शीला मराठी शिकवितो. वऱ्हाडातील एका वाचनालयाचा वर्षभराच्या कार्याचा अहवाल मध्यंतरी हाती आला आणि एखादे पुस्तक वाचावे तसा तो मी दोनदा वाचला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. अहवाल तिचा असला तरी त्याची भाषा पुष्कळांची आहे.

या अहवालाचे आवडते क्रियापद 'संपन्न होणे' हे आहे. सावित्रीबाईंची जयंती संपन्न झाली, मराठी भाषा गौरव दिन संपन्न झाला, १४ एप्रिलला प्रतिमापूजन संपन्न झाले, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांची जयंती आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन संपन्न झाला. मध्ये व्याख्यानमाला, हस्ताक्षर स्पर्धा, महिलांसाठी पाककृती स्पर्धा, दिवाळी अंक योजना. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, आभार कोणी मानले हे सर्व आहे. आले कोण, हे मात्र कुठेच नाही. 'रसिक श्रोते बहुसंख्येने उपस्थित होते' या एका वाक्यात सगळे गाव उरकले आहे. छायाचित्रांत समई आहे, शाल-श्रीफळ आहे, व्यासपीठावरच्या खुर्च्या आहेत. एकाही छायाचित्रात कोणी पुस्तक वाचताना दिसत नाही. वाचनालयाच्या अहवालातून वाचक गळावा, हा काही मुद्रणदोष नव्हे.

सभासदांची वर्गवारी दिली आहे, पण ती आश्रयदाते, आजीव आणि साधारण अशी, म्हणजे कोणी किती पैसे दिले त्यानुसार. गावाच्या कोणत्या वस्तीतून किती वाचक येतात, किती स्त्रिया स्वतःच्या नावावर पुस्तक नेतात, किती मजूर सभासद आहेत, याची नोंद नाही. अहवाल लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडलेला नाही, आणि खरा मजकूर मला तिथेच दिसतो.

'सार्वजनिक' या शब्दाचा आपला अनुभव जुना आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला आणि पाण्यासाठी १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. कागदावरचे 'सार्वजनिक' आणि पायऱ्या उतरू देणारे 'सार्वजनिक' यांतले हे अंतर ग्रंथालयांच्या बाबतीत तपासायचे राहून गेले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याने राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, अ, ब, क, ड असे वर्ग पडले, खेड्यांपर्यंत अनुदान पोहोचले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण मद्रास प्रांताने १९४८ सालीच कायदा करून ग्रंथालयासाठी कर बसविला होता. आपल्या कायद्याने तो मार्ग घेतला नाही. चालक खाजगी संस्था, पैसा बराचसा सरकारचा आणि दारात वर्गणी, अशी आपली रचना झाली. युनेस्कोने १९४९ च्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालय विनामूल्य असावे असे म्हटले होते. त्याच्याही कितीतरी आधी, १९१० साली, सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून बडोद्यात मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठविल्या. त्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात गेले. परत आल्यावर १९२४ साली त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये होती आणि सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविलेही. पोट भरल्यावर करायची चैन म्हणून त्यांनी ग्रंथाकडे पाहिले नाही.

आता माझी एक गोष्ट. बारावीनंतर एका वाचनालयात सभासद व्हायला गेलो. हे ते अहवालाचे वाचनालय नव्हे. वर्गणीचे पैसे खिशात होते. अनामत मागितली, तीही उसनी आणली. मग सांगितले, जामीन हवा. एखाद्या जुन्या सभासदाची सही किंवा घरटॅक्सची पावती. आमच्या वस्तीत जुना सभासद कोण असणार? आणि पावती यायला घर नावावर असावे लागते. वडील संत्र्याच्या बगिच्यात मजुरीला जात. संध्याकाळी त्यांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पुस्तकाले बी जामीन लागते काय रे बाप्पा?" कर्जाला जामीन लागतो हे त्यांना ठाऊक होते. कोणी मला हाकलले नाही, कोणी जात विचारली नाही. नियम सर्वांना सारखाच होता. पुढे एका शिक्षकांनी सही दिली म्हणून मी आत गेलो. माझ्याबरोबर आलेला मित्र परत फिरला, तो फिरलाच.

१४ एप्रिलच्या प्रतिमापूजनाविषयीही बोलले पाहिजे. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. चौथ्या खंडातील 'रिडल्स'वरून वाद पेटला आणि १९८८ च्या जानेवारीत आमच्याच अमरावतीत त्या ग्रंथाची प्रत जाळली गेली. आज असे कोणी करणार नाही, उलट हार घालतील. मी ज्या दोन-तीन वाचनालयांत गेलो तिथे हे खंड होते, परंतु संदर्भ विभागात, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. 'बाहेर देता येत नाहीत, येथेच बसून वाचा.' बसायचे केव्हा? वाचनालयाची वेळ आणि मजुराच्या कामाची वेळ एकच. जाळणे आणि कुलपात ठेवणे एक नव्हे, हे मला मान्य आहे. पण वाचकाच्या हाती ग्रंथ दोन्ही वेळा लागत नाही.

या टीकेचे खापर ग्रंथपालावर फोडायचे नाही. अनुदान हप्त्याने येते, त्यातूनच त्याचे वेतन निघते, आणि वेतनश्रेणीची मागणी करता करता या कर्मचाऱ्यांच्या पिढ्या निवृत्त झाल्या. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. तो जामीन मागतो तो बहुधा भीतीपोटी. त्या अहवालात त्याच्या नावाचा उल्लेख एकदाच आहे, आभारात, मंडपवाल्याच्या आधी.

आणि आपले काय? आपल्या विहारांतली पुस्तकांची कपाटे किती ठिकाणी उघडी असतात? लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या अभ्यासिकांत आमची मुले रात्री उशिरापर्यंत बसतात, याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या पुढ्यात बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेची गाईडे असतात. 'बलुतं' वाचले का, असे विचारले तर 'सर, सिलॅबसला आहे का?' असा प्रश्न येतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या घरी नोकरीची वाट पाहिली जाते आणि ती वाट मीही पाहिली आहे. दोष असलाच तर माझ्यासारख्यांचा आहे. पगार सुरू झाला, पुस्तके विकत घेऊ लागलो आणि वाचनालयाची पायरी सोडली. तिथल्या कार्यकारी मंडळात कोण आहे, ग्रंथखरेदीची यादी कोण करते, हे आपण कधी विचारले? मत देण्याचा अधिकार सभासदाला असतो. आपण सभासदच नसू तर आपली पुस्तके मागणार कोण?

म्हणून या वर्षी मी त्या अहवालवाल्या वाचनालयाचा सभासद झालो. जामिनाची सही एका सहकाऱ्याने दिली, वर्गणीची पावती घेतली. सर्वसाधारण सभेची नोटीस निघाली की दोन प्रश्न लेखी देणार आहे. जामिनाची अट कोणत्या ठरावाने आली आणि ती काढण्याचा ठराव मांडायला किती सभासदांच्या सह्या लागतात? आणि बाबासाहेबांच्या खंडांचा दुसरा संच, घरी न्यायला देण्यासाठी, येत्या खरेदीत घेणार की नाही?