नववा धडा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी एक पाठ्यपुस्तक उघडे पडले होते. पुतणी दहावीला. चकलीचा तुकडा मोडीत ती घोकत होती : जगातील पहिले संग्रहालय उर या शहरात सापडले, सर लिओनार्ड वुली यांनी ते शोधले, एका राजकन्येने ते उभारले होते. मी विचारले, "तू स्वतः कधी एखादे संग्रहालय पाहिले आहेस का ग?"

"नाही काका. पण हे बोर्डाला येते."

ते पुस्तक मी तिच्याकडून मागून घेतले आणि दोन रात्रींत वाचून काढले. साहित्याच्या अंकात पाठ्यपुस्तकाचे परीक्षण कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हां कादंबरीकारांच्या हजार प्रती खपल्या तर आम्ही पेढे वाटतो. हे पुस्तक दरवर्षी लाखो मुले वाचतात, आणि तीही पाठ होईपर्यंत. परीक्षण व्हावे ते अशा पुस्तकाचे.

'बालभारती'ने २०१८ साली दहावीचा इतिहास नव्याने लिहविला. युद्धे, तह आणि सनावळ्या यांचे जुने वळण सोडून दिले आणि इतिहास लिहितात कसा, तो जपतात कसा, पर्यटनाशी, खेळाशी, नाटक-सिनेमाशी त्याचा संबंध काय, असे विषय घेतले. तिसरा धडा 'उपयोजित इतिहास' आणि नववा, शेवटचा, 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन'. कल्पना धाडसाची आहे हे प्रथमच कबूल करतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. मी खालच्या वर्गांना शिकवितो; देकार्त आणि रांके यांची भेट मला या पुस्तकातच, चाळिशी उलटल्यावर झाली. पुराव्यावाचून बोलू नये, प्रश्न विचारल्यावाचून मानू नये, हे दहावीच्या मुलाला पहिल्याच धड्यात सांगणारे पुस्तक मराठीत निघाले याचा मला आनंद आहे.

पण पुढे होते ते असे. प्रश्न विचारायला शिकविणाऱ्या त्या माणसांची नावेच मुले पाठ करतात. नवव्या धड्यात लुव्र आहे, ब्रिटिश म्युझियम आहे, कोलकात्याचे १८१४ सालचे भारतीय संग्रहालय आहे. पाठांतराला उत्तम! उपक्रमांच्या चौकटीही आहेत, पण ४० गुणांच्या लेखी पेपरात त्या उतरत नाहीत, आणि जे पेपरात उतरत नाही त्यावर मार्च महिन्यात कोणता शिक्षक वेळ घालवील? संग्रहालय पुस्तकात आले खरे. मूल संग्रहालयात गेले नाही.

आणि जाते तेव्हा काय घेऊन जाते? त्यासाठी सातवीचे पुस्तक पाहावे लागते. २०१७ साली तेही बदलले. पाल, राष्ट्रकूट, दिल्लीचे सुलतान, विजयनगर, बहमनी, मुघल हे सारे त्यात 'शिवपूर्वकालीन भारत' या एका धड्यात दाटीवाटीने बसविले आहेत. त्यानंतर मुघल ठळकपणे भेटतात ते 'मुघलांशी संघर्ष' या सहाव्या धड्यात. महाराष्ट्रातील मुलाने शिवरायांचा काळ विस्ताराने शिकावा, याविषयी माझे दुमत नाही. मी तो हौसेने शिकवितो. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती मला एका सहलीत सुचली.

सातवीची मुले घेऊन मी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. १९२२ साली लोकांसाठी खुली झालेली ती घुमटाची वास्तू पाहूनच मुले हरखली. आधी दूरध्वनीवर मी तेथल्या ताईंना सांगितले होते, "वेळ थोडा आहे, आमच्या धड्यातले तेवढे दाखवा." हे वाक्य मला आता बोचते. सगळ्याच शाळा असे म्हणू लागल्या तर संग्रहालय म्हणजे पाठ्यपुस्तकाचे परिशिष्ट होईल, आणि धड्यातून जे गळेल ते दालनात असूनही नसल्यासारखे होईल.

ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्यांनी मुलांना अकबराच्या चित्रशाळेतील एका पोथीविषयी सांगायला घेतले. 'अन्वार-इ-सुहैली' तिचे नाव, आणि ती याच संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. तोच मागून आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "ताई, शत्रूची चित्रे इथे कशाला ठेवली?"

मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या पुस्तकात तो राजवंश लढाईपुरताच त्याला भेटला होता. लढाईच्या मैदानात भेटलेल्या माणसाच्या घरी चित्रे असतात, गोष्टी असतात, हे त्याला कोणी सांगावे? मी तर सांगितले नव्हते. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी गोष्ट सुरू केली : एक सिंह होता, त्याची एका बैलाशी मैत्री झाली, आणि दोन कोल्ह्यांना ती पाहवेना... पाचसहा मुले एकदम ओरडली, "ही पंचतंत्रातली!" होय, तीच. संस्कृतातून निघून अनेक भाषांचा प्रवास करीत फारशीत गेलेली. "मग ती तिकडे गेली कशी?" हा पुढचा प्रश्न त्याच मुलाचा होता. त्याचे उत्तर ऐकण्यात आमचा वेळ संपला. शिवकाळाचे दालन राहून गेले, आणि परतीच्या बसमध्ये मुख्याध्यापकांना काय सांगावे याची मला चिंता लागली.

त्या दिवशी ताईंनी केले ते काम खरे तर माझे होते. पुस्तकातला धडा आखडला की तो शिकविण्याचे काम नाहीसे होत नाही. ते चाळीस मिनिटांच्या भेटीत संग्रहालयातल्या कुणाच्या तरी अंगावर पडते. हे संग्रहालय २०१५ पासून बस भरून वस्तू शाळांच्या दारी नेते. त्या बसमधल्या माणसांनाही हेच ओझे वाहावे लागत असणार.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण पुस्तक नेहमी उणेच असते असे नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यात आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडे गेली होती. त्यांच्या पेटीवरील इंग्रजी मजकुरात खानाला मुघल सरदार म्हटले आहे! आमच्या चौथीतले पोरही सांगेल की अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा. मी वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांनी बाके वाजविली. मात्र त्याच लंडनच्या संग्रहालयाने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे : ही वाघनखे १६५९ मधलीच, असे पडताळून पाहता आलेले नाही. हे सांगताच वर्ग गप्प झाला. एक मुलगी हिरमुसून म्हणाली, "मग गुरुजी, खरे काय?" खान आला, भेट झाली, खान पडला, यात शंका नाही, शंका आहे ती या लोखंडाविषयी. घटना आणि वस्तू यांतला हा फरक चौथीच्या पुस्तकात नाही. तो दहावीच्या पहिल्या धड्यात येतो, सहा वर्षे उशिरा, आणि तोही देकार्तच्या नावाने.

दहावीच्या पुस्तकाने हा विचार खालच्या वर्गांत पाझरू दिला असता आणि नवव्या धड्यात लुव्रऐवजी मुलाच्या तालुक्यातली एखादीच वस्तू घेतली असती, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

भाऊबीज झाल्यावर पुतणीला आणि आमच्या आईला मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन गेलो. दिनकर केळकरांनी बालपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने जमविलेला हा संसार. सुमारे वीस हजार वस्तू, आणि १९७५ साली त्यांनी तो सरकारला देऊन टाकला. येथे कोणत्याही इयत्तेचा धडा लागत नाही. दिवे, कुलपे, फण्या, पाय घासायच्या वज्र्या. पुतणी वही घेऊन आली होती. ती पिशवीतच राहिली. अडकित्त्यांसमोर ती बराच वेळ उभी होती. मग वळून आजीला म्हणाली, "आजी, असा मोराचा एक आपल्याकडे होता ना? कुठे आहे तो?"

"मोडीत घातला," आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या लग्नाआधी."