पाहूनही न पाहिलेले

आपण सर्रास 'कानाडोळा' म्हणतो. पण या शब्दाचा कानाशी संबंध नाही. मूळ शब्द 'काणाडोळा'. काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा. इंग्रजीतही आंधळा डोळा वळविण्याचा वाक्प्रचार आहे. त्याची कथा अशी सांगतात : २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी लढाई थांबविण्याचा इशारा दिला. तेव्हा नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी उजव्या डोळ्याला लावली आणि इशारा दिसत नसल्याचे सांगितले. इशारा झाल्याचे त्याला अर्थातच ठाऊक होते. काणाडोळा करणाऱ्याने आधी सारे पाहिलेले असते.

क्लेअर कीगन या आयरिश लेखिकेची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) ही लघुकादंबरी याच मर्मावर उभी आहे. काळ १९८५ च्या नाताळाचा, स्थळ न्यू रॉस हे नदीकाठचे गाव. कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग मठात कोळसा पोहोचविण्यास जातो, तो तेथील कोठीत कोंडलेली एक मुलगी त्याला आढळते. अविवाहित माता आणि 'वाट चुकलेल्या' ठरविलेल्या मुलींना विनावेतन राबविणारी मॅग्डालीन धुलाईगृहे कल्पित नव्हती. १९२२ पासून सुमारे १०,००० स्त्रिया त्यांत गेल्या. शेवटचे धुलाईगृह १९९६ साली डब्लिनमध्ये बंद झाले आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्या स्त्रियांची क्षमा मागितली.

लेखिकेने गावकरी दुष्ट रंगविलेले नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. मठाधिकारिणी फर्लाँगला चहा देते, त्याच्या मुलींची चौकशी करते, नाताळची भेट म्हणून पैशांचे पाकीट देते. गावातील मुलींची चांगली शाळा मठाचीच आहे आणि फर्लाँगला मुली पाच. पत्नी आयलीन आपल्या लेकरांपुरते पाहावे म्हणते. खानावळवाली मिसेस किहो आपुलकीने सावध करते. सारे त्याच्या हिताचेच सांगतात. अशा हितोपदेशातूनच सारे गाव एका डोळ्याने काणे होते. त्या सकाळी मिस्सेला गेलेला फर्लाँग ख्रिस्तप्रसादासाठी पुढे होत नाही, भिंतीला पाठ लावून उभा राहतो. हा प्रसंग आम्हांस साऱ्या कादंबरीत सर्वांत भेदक वाटला.

फर्लाँग स्वतः अविवाहित मातेचा मुलगा. मिसेस विल्सन या प्रॉटेस्टंट विधवेने त्याच्या आईला घराबाहेर काढले नाही, म्हणून तो वाढला. त्याचे धैर्य या ऋणातून येते, हे लेखिकेने न सांगता दाखविले आहे.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. मुलीला घेऊन तो घराकडे चालला असतानाच कथा थांबते. पुढे शाळेचे काय, धंद्याचे काय, आयलीन काय म्हणेल, हा खरा कसोटीचा भाग लेखिकेने वाचकावर सोपविला आहे.

अशा पुस्तकांनी ख्रिस्तसभेची नाचक्की होते, असे कोणी म्हणेल. आमचे मत उलट आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मुली सिस्टरांच्या शाळांत घडल्या. त्या ऋणाची जाण ठेवूनच हे पुस्तक वाचावे. मिस्सेच्या आरंभी आपण जे करावयास हवे होते आणि केले नाही, त्याचीही कबुली देतो. फर्लाँगने ती कबुली मनावर घेतली, एवढेच.