चांद्याचा रामशहा : ‘राजर्षि’ या कीर्तीचें परीक्षण

चांद्याच्या गोंड घराण्यांतील राजा रामशहा याची तुलना रोमचा तत्त्वज्ञ बादशहा मार्कस ऑरेलियस (राज्यकाल इ. स. १६१–१८०) याच्याशीं करण्याचा मोह सहज होतो. दोघेही विरक्त वृत्तीचे म्हणून ख्यात; दोघांसही गादी दत्तविधानानें मिळाली; आणि दोघांमागून आलेला पुत्र दुर्वृत्त निघाला. साम्य डोळ्यांत भरण्यासारखें आहे खरें. परंतु साम्य म्हणजे प्रमाण नव्हे. पुराव्याच्या कसोटीस यांतील किती टिकतें, तेवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

परंपरा सांगते ती अशी. राजा बीरशहा मारला गेल्यावर राणी हिराईनें चंदनखेड्याच्या भाऊबंद शाखेंतील रामशहास दत्तक घेऊन राज्य सांभाळलें. पुढें त्यानें स्वतः राज्य केलें. त्याचा काल सामान्यतः १७१९ ते १७३५ असा देतात. रघूजी भोसले चांद्यास आले ते कुरापत काढण्याच्या हेतूनें; पण राजाची साधुवृत्ति पाहून त्यांनीं त्यास देवासमान मानलें. पुत्र नीळकंठशहा मात्र क्रूर निघाला, प्रजा विटली, आणि १७५१ त रघूजींनीं चांदा घेऊन त्यास बल्लारपुरीं कैदेंत टाकलें. ही हकीकत इंग्रजी छापांत आली ती मेजर लुसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदी-अहवालानें. म्हणजे रामशहाच्या राज्यसमाप्तीनंतर १३४ वर्षांनीं, आणि तीही स्थानिक परंपरेच्या आधारावर.

या कथेची घडण लक्षांत घेण्याजोगी आहे. राजा साधु होता म्हणून राज्य वांचलें, राजा पापी निघाला म्हणून गेलें. या मांडणींत स्वारी ही स्वारी न राहतां शासन ठरते. जेत्यास इतकी सोयीची कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून घेतां येत नाहीं. तथापि ती टाकाऊही नव्हे. भोसल्यांच्या अमलाखालीं गेलेल्या लोकांनीं एका गोंड राजाची स्मृति आदरानें जपली, एवढें तिच्यावरून निश्चित ठरतें.

आतां मार्कसकडे पाहावें. त्याचीं ग्रीक भाषेंतील स्वगत टिपणें १५५९ त झ्यूरिक येथें प्रथम छापलीं गेलीं. ज्या पोथीवरून तीं छापलीं ती पुढें नाहींशी झाली. त्याचा गुरु फ्राँटो याच्याशीं झालेला पत्रव्यवहार, आधींचें लिखाण खरवडून त्यावर दुसरें लिहिलेल्या चर्मपत्रांतून, आंजेलो माई यानें १८१५ पासून उजेडांत आणला. पुत्र कॉमोडस याच्या अमदानींत रोमच्या सभेंत बसलेल्या डिओ कॅसिअसचा ग्रंथही हाताशीं आहे. या साधनांनीं मार्कसचें तेज वाढतें तसेंच मर्यादितही होतें. वैराग्य लिहिणारा हा पुरुष वर्षानुवर्षें डॅन्यूबकांठीं युद्ध करीत होता. आणि १७७ त कॉमोडसला सहबादशहा केलें तें त्यानेंच. पुत्राच्या राज्याचा दोष अंशतः पित्याच्या पदरीं घालतां येतो, तो कागद उरले म्हणून.

नीळकंठशहाच्या हातीं सत्ता कशी गेली, दिवाणाचा अधिकार किती, रानांतील जमिनदारांशीं करार कोणते, हे प्रश्न ‘साधु’ या एका शब्दानें सुटत नाहींत. शील हें राज्यकारभाराचें प्रमाण होऊं शकत नाहीं. तें प्रमाण सनदांत, तलाव बांधणारास दिलेल्या तुकूम-दानांत व वसुलाच्या हिशेबांत शोधलें पाहिजे.

अहेरी, खुटगांव, धानोरा, मुरुमगांव इत्यादि जमिनदाऱ्यांचा मुलूख १९८२ पासून बहुतांशीं गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. जमिनदाऱ्या १९५१ त संपल्या आणि त्यांच्या दप्तरांची व्यवहारांतील किंमतही त्याबरोबर गेली. जो कागद वाटणीच्या दाव्यांतही लागत नाहीं, त्याचें रक्षण कोण करणार? वाळवी आणि पावसाळा यांस शिक्क्याचा मान ठाऊक नसतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, या भागांतील शिक्कामोर्तबाचा कागद, फाटका असला तरी, त्याची नक्कल शिक्क्याच्या ठशासह प्रसिद्ध करावी. तोंवर रामशहास राजर्षि म्हणावयाचें तर तें लोकांचें मत म्हणून म्हणावें, इतिहासाचा निर्णय म्हणून नव्हे.