धुळें व जळगांव यांची नगरसनद : एक पाठपरीक्षण

कोणत्याही ग्रंथाचें परीक्षण करावयाचें म्हणजे त्याचा कर्ता कोण, पाठ कोणता आणि त्या पाठांत फेरफार करण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे लागतात. पोथीस जो न्याय तोच कायद्यासही लावतां येतो. १९४९ चा ५९ वा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, जो आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नांवानें चालतो, तो जळगांवास २१ मार्च २००३ पासून व धुळ्यास ३० जून २००३ पासून लागू झाला. तेव्हांपासून खानदेशांतील या दोन नगरांची सनद ती हीच. तिच्या एकेका कलमाचा अर्थ वकिलांनीं लावावा; ही सनद दुरुस्त कशी होते आणि त्या दुरुस्तींत खुद्द नगराचा हात कितपत असतो, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. धुळ्याची नगरपालिका १८६२ त व जळगांवची १८६४ त स्थापन झाली. त्या वेळीं अमलांत असलेला १८५० चा २६ वा कायदा सक्तीचा नव्हता. गांवच्या रहिवाशांनीं मागणी करावी व सरकारनें ती मान्य करावी, अशी त्याची योजना होती. मागणी करणारे मूठभर असत व कारभार सरकारनियुक्त मंडळींच्या हातीं असे, हें खरें. तथापि सनदेचा आरंभ रहिवाशांच्या अर्जापासून होई, हें तत्त्व त्यांत होतें. पुढें १८७३, १८८४ व १९०१ चे जिल्हा नगरपालिकांविषयींचे कायदे, १९२५ चा बरो कायदा व १९६५ चा महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम असे पाठ एकामागून एक आले. १८८४ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभासदांस जागा मिळाली. म्हणजे प्रतिनिधित्व वाढत गेलें. परंतु ज्या अर्जापासून सनदेचा आरंभ होई, त्या अर्जाचें स्थान मात्र सरकारी अधिसूचनेनें घेतलें.

आतां विद्यमान पाठाकडे वळूं. त्याचे तीन थर आहेत; सूत्र, वृत्ति व टीका या परंपरेशीं परिचित असलेल्या वाचकांस ते सहज उमगतील. पहिला थर मूळ अधिनियमाचा. त्यांत अक्षर बदलण्याचा अधिकार केवळ राज्याच्या विधिमंडळास. दुसरा थर अधिनियमास जोडलेल्या परिशिष्टांतील नियमांचा. कलम ४५४ अन्वयें महानगरपालिकेस त्यांत भर घालतां येते व फेरफारही करतां येतो, परंतु पुढच्याच कलमानें त्यास सरकारी मंजुरीचें बंधन आहे. तिसरा थर उपविधींचा. आयुक्तांनीं मसुदा ठेवावा, तो प्रसिद्ध व्हावा, नागरिकांच्या हरकती ऐकाव्या, सभेनें तो संमत करावा आणि सरकारनें कायम करावा, असा त्याचा क्रम. सारांश, नगराच्या हातीं जें लेखन आहे तें टीकेचें, सूत्राचें नव्हे. आणि टीकेवरही दुसऱ्याची मोहोर लागल्यावांचून ती प्रमाण होत नाहीं.

सूत्रांत फेरफार कसे होतात याचा एकच नमुना पुरे. एका प्रभागांतून किती सभासद निवडावे, या विधीचा पाठ पाहा. २०१३ च्या निवडणुका द्विसदस्य प्रभागांनीं झाल्या. २०१६ त चार सदस्यांचा पाठ आला व त्याप्रमाणें २०१८ त जळगांवचे ७५ व धुळ्याचे ७४ सभासद प्रत्येकीं १९ प्रभागांतून निवडले गेले. २०१९ च्या अखेरीस एकसदस्य पाठ स्वीकारला गेला. २०२१ त तीन सदस्यांचा. २०२२ त पुनः चारांचा. यांपैकीं एकसदस्य व त्रिसदस्य या दोन पाठांनीं धुळ्यांत किंवा जळगांवांत एकही निवडणूक झाली नाहीं. पोथींत शिरले, पोथींतून गेले. पठण कोणींच केलें नाहीं! पाठ बदलला तो अनुभवानें सदोष ठरला म्हणून नव्हे, तर मंत्रालयांतील सत्ता बदलली म्हणून, असा निष्कर्ष निघाल्यास त्यास उत्तर देणें कठीण आहे. या सर्व काळांत मुंबई शहराचा एकसदस्य पाठ मात्र अबाधित राहिला, कारण त्या शहरास १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे. धुळें व जळगांव पुण्यानागपुरांबरोबर एकाच पोथींत बांधलेलीं असल्यामुळें पुण्यासाठीं केलेली दुरुस्ती त्यांच्याही माथीं येते.

याचें फळ काय झालें तेंही पाहिलें पाहिजे. जळगांवच्या सभेची मुदत सप्टेंबर २०२३ मध्यें व धुळ्याची त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संपली. आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयांत अडकले. सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०२५ रोजीं निवडणुका घेण्याचा आदेश दिला व मतदान १५ जानेवारी २०२६ रोजीं झालें. मध्यंतरीं दोन वर्षांहून अधिक काळ सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. म्हणजे ज्या तिसऱ्या थरावर नगराचा थोडाबहुत हात होता तेथेंही मसुदा करणारा व संमति देणारा एकच झाला. हरकत घेणारा नागरिक होता. परंतु ती हरकत सभेंत मांडणारा त्याचा प्रतिनिधि नव्हता.

यावर पूर्वपक्ष असा होईल कीं, वरून आलेल्या दुरुस्त्यांनींच नगरांचें कल्याण झालें आहे. हा पक्ष दुर्बल नाहीं. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें स्त्रियांस किमान एकतृतीयांश जागा दिल्या व २०११ त महाराष्ट्रानें त्या निम्म्या केल्या. हें काम नगरांच्या सभांवर सोपविलें असतें तर तें इतक्या त्वरेनें झालें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु येथें भेद करावा लागतो. दुर्बलांचें रक्षण करणारा विधि वरून यावा हें युक्तच आहे. प्रभागांत सभासद किती, हा प्रश्न त्या जातीचा नव्हे.

आमच्या स्मृतिकारांनीं हा भेद ओळखला होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत संविद्व्यतिक्रम या प्रकरणीं असें सांगितलें आहे कीं, समूहानें आपसांत ठरविलेला आचार स्वधर्माच्या विरुद्ध नसेल, तर राजानें घालून दिलेल्या धर्माबरोबर त्याचेंही यत्नपूर्वक रक्षण करावें. दोहोंस स्थान आहे. एकानें दुसऱ्यास गिळावें असें नाहीं. अर्वाचीन काळीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरीच्या १८७५ च्या राज्यघटनेनें सेंट लुई शहरास आपली सनद आपण रचण्याची मोकळीक दिली व १८७६ त तेथील मतदारांनीं ती स्वीकारली. संस्थानाच्या घटनेची मर्यादा त्या सनदेसही होतीच. परंतु मर्यादेच्या आंत लेखणी नगराची राहिली.

एवढी मोकळीक आमच्या नगरांस आजच द्यावी, असा आमचा आग्रह नाहीं. मागणें दोनच. सभेच्या रचनेसंबंधींच्या कलमांत फेरफार करण्यापूर्वीं प्रत्येक नगराच्या लोकनियुक्त सभेचें लेखी मत मागवावें व तें विधेयकासोबत विधिमंडळापुढें ठेवावें. आणि एकदां बदललेला पाठ किमान एका निवडणुकीच्या प्रयोगावांचून पुनः बदलूं नये. तिसरें काम सरकारचें नसून आमच्यासारख्या संशोधनमंडळांचें आहे. सुधारून छापलेल्या कायद्यांत लुप्त झालेला पाठ सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडत नाहीं; तळटीपेंतील क्रमांकावरून त्याचा मागोवा घ्यावा लागतो. १८६२ पासूनचे दोन्ही नगरांचे कायदे, अधिसूचना, नियम व उपविधि कालक्रमानें, पाठभेदांसह एकत्र छापले गेले, तर आपल्या सनदेंत केव्हां, काय व कोणी बदललें हें धुळ्याच्या व जळगांवच्या नागरिकास कळेल. तें कळल्याखेरीज सनद आपली आहे असें त्यानें कशाच्या आधारें म्हणावें?