दुसरा कोट

गेल्या डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज येत होत्या. द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटत होत्या. त्याच आठवड्यात माझी भाची सुट्टीसाठी पुण्याहून नाशिकला आली. अंगात तपकिरी लोकरी कोट होता. कोपरांवर विरलेला, एक बटण वेगळ्याच रंगाचे, आत कुठल्याशा शिंप्याची कापडी चिठ्ठी. ‘‘आत्या, हा व्हिंटेज आहे,’’ ती म्हणाली. ‘‘अठराशेला मिळाला. असं कापड आता नव्यात मिळतच नाही.’’ मी कोट हातात घेतला आणि कोपरावरून बोट फिरवले. माझ्या वडिलांच्या कोटाची कोपरेही अशीच झाली होती. तो कोट मात्र आमच्या घरी ‘साहेबांचा उतरलेला’ म्हणून ओळखला जाई आणि मला त्याची लाज वाटे.

कापड तसेच, झीजही तशीच. मग एकाला ‘व्हिंटेज’ आणि दुसऱ्याला ‘उतरलेला’ ही दोन नावे का पडतात? हा प्रश्न घेऊन मी वर्षभर वाचत होते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपुरते. बाकीचे जे काही आले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कपाटांतून. त्यामुळे या लेखात सिद्धान्ताचा आव नाही. हिवाळी कपड्यांविषयीच्या काही कथा, एक पत्र आणि एक बाजार एकमेकांशेजारी ठेवून काय दिसते, एवढेच पाहायचे आहे.

आधी शब्द. इंग्रजीतला ‘व्हिंटेज’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘विन्देमिया’वरून आला. त्याचा अर्थ द्राक्षांचा हंगाम, वेलीवरून घड उतरवणे. पुढे तो अमुक वर्षीच्या वाइनसाठी, मग उत्तम जुन्या वस्तूसाठी, मग जुन्या मोटारींसाठी आणि अखेर कपड्यांसाठी रूढ झाला. कपड्यांच्या व्यापारात साधारण वीस वर्षांहून जुन्या मालाला हे नाव देतात. नाशिककराला यात गंमत वाटावी. मुळात दोन्ही शब्दांत उतरवणेच आहे. द्राक्ष उतरले की त्याचे मोल सुरू होते. कोट उतरला की त्याचे मोल संपते, अशी आपली समजूत होती. व्हिंटेजवाल्यांनी कोटाला द्राक्षाचा न्याय लावला.

आता गोगोल. त्याची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ मधली. अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गचा नकलनवीस कारकून, वर्षाचा पगार ४०० रूबल. त्याच्या जुन्या कोटाची कचेरीत इतकी टिंगल होते, की लोक त्याला कोट म्हणायलाही तयार नाहीत. बायकांच्या घरगुती झग्याचे नाव त्यांनी त्याला दिले आहे. कोटाची कॉलर दरवर्षी लहान होत जाते, कारण ठिगळांसाठी कापड तिच्यातूनच काढायचे असते. पेत्रोविच शिंपी कोट उजेडात धरतो आणि सांगतो, की यात आता सुई घालायला जागा नाही. ठिगळ बसेल, पण त्याला धरून ठेवणारे कापडच उरलेले नाही. नवा कोट ८० रूबलना पडणार. अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्यातून जवळजवळ चवड्यांवर चालतो. कॉलरला मार्टेनची फर परवडत नाही, म्हणून मांजराची घेतात. दुरून ती मार्टेनचीच वाटेल, एवढे समाधान.

या कथेवर उदंड लिहिले गेले आहे. बहुतेक समीक्षक नव्या कोटाकडे, त्याच्या चोरीकडे आणि शेवटच्या भुताकडे बघतात. मला अडकवले ते मधल्या एका छोट्या प्रसंगाने. नवा कोट घालून पहिल्यांदा कचेरीत जाऊन आल्यावर अकाकी घरी तो खुंटीला टांगतो. मग मुद्दाम जुना कोट बाहेर काढतो, दोन्ही शेजारी धरून पाहतो आणि हसतो. जेवतानाही त्याला हसू येत राहते.

इतकी वर्षे ज्या कोटावर इतर हसत होते, त्याला आज तो स्वतः हसतो. कारण साधे आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे दोन कोट आहेत. एकच कोट असताना तो माणसाच्या अंगाचाच भाग असतो. त्याला दूर धरून पाहता येत नाही. दुसरा आला, की पहिला ‘वस्तू’ होतो. मग त्याला हसता येते, तो कुणाला देऊन टाकता येतो किंवा कौतुकाने जपताही येतो. गोगोल आपल्या नायकाला हे सुख जेमतेम एक दिवस देतो. त्याच रात्री चौकात नवा कोट हिसकावला जातो. पुढे अकाकी कचेरीत येतो तो जुन्याच कोटात, आणि लेखक सांगतो, की तो आता अधिकच केविलवाणा दिसत होता. कापड तर कालचेच होते. फरक एवढाच, की मागे दुसरा कोट उरला नव्हता.

‘व्हिंटेज’ची माझी व्याख्या मला इथे सापडली. घरी दुसरा कोट असलेल्या माणसाच्या अंगावरचा जुना कोट, तो व्हिंटेज. कापडाचे वय, वीण, शिंप्याची चिठ्ठी हे सगळे त्यानंतरचे.

ही व्याख्या कथेबाहेर टिकते का? दहा वर्षे पुढे आणि लंडनला जाऊ. २७ फेब्रुवारी १८५२ रोजी कार्ल मार्क्सने एंगल्सला लिहिलेल्या पत्रात, कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, असे कळवले आहे. तेव्हा तो सोहोमधल्या डीन स्ट्रीटवर राहत होता. ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय हे त्याचे कामाचे ठिकाण. कोट सावकाराकडे, म्हणून अभ्यासक घरात. पुढे १८६७ मध्ये ‘कॅपिटल’ प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात वीस वार लिनन बरोबर एक कोट, हे समीकरण येते. पीटर स्टॅलीब्रास या अभ्यासकाने १९९८ मध्ये ‘मार्क्सचा कोट’ या निबंधात हे दोन्ही कोट एकत्र आणले. त्यात त्याने एक तपशील नोंदवला आहे. एकोणिसाव्या शतकातले कपडे शिवणारे-दुरुस्त करणारे लोक कोटाच्या कोपरावर पडलेल्या सुरकुत्यांना ‘आठवणी’ म्हणत. घालणाऱ्याचे शरीर तिथे उमटलेले असते म्हणून आठवणी. पण कोट गहाण टाकायला नेला, की सावकार या आठवणींचे पैसे कापून घेई.

व्हिंटेजच्या दुकानात नेमका उलटा हिशेब चालतो. तिथे कोपराच्या आठवणींचे जादा पैसे पडतात. मात्र या आठवणी कुणाच्या, हे न कळण्याचीही किंमत त्यात धरलेली असते. भाचीच्या कोटाचा मूळ मालक कोण, हे तिला ठाऊक नाही; म्हणूनच ती त्याच्याभोवती हवी ती गोष्ट रचू शकते. वडिलांच्या कोटाचा मूळ मालक आम्हाला ठाऊक होता. तो त्यांच्या कचेरीत समोरच्याच खोलीत बसत असे. एकदा कचेरीच्या हळदीकुंकवाला साहेबांच्या पत्नी माझ्या आईला म्हणाल्या, ‘‘यांच्या अंगाला छान बसला हो!’’ त्यांच्या मनात वाईट काही नसावे. आई घरी येईपर्यंत बोलली नाही.

आपल्याकडच्या साहित्यात थंडी जरा वेगळ्या तऱ्हेने येते. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मध्ये (१९३०) तर कोटापर्यंत गोष्ट जातच नाही. हल्कूने कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये देणेकऱ्याला जातात आणि तो शेतावर जबरा कुत्र्याला कवटाळून रात्र काढतो. राजिंदरसिंग बेदींची ‘गरम कोट’ कारकुनाची आहे. त्यावर १९५५ मध्ये बलराज साहनींचा चित्रपटही आला. बेदींच्या नायकाचा कोट जुना, फाटका. दहाची नोट हरवते, घर हवालदिल होते. शेवटी ती सापडते ती त्याच कोटाच्या अस्तरात. खिशाच्या भोकातून आत घसरलेली. मग बायको मुलांच्या गरजेच्या वस्तू आणायला बाजारात जाते आणि परतते ती नवऱ्याच्या कोटाचे कापड घेऊन.

बेदींकडून गोगोलला मिळालेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. गोगोलचा कारकून एकटा आहे. दुसऱ्या कोटासाठी तो स्वतःलाच खात जातो. बेदींच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्यासाठी स्वतःची गरज मागे सारतो. तिथे दुसरा कोट येतो तो दुसऱ्या माणसाकडून. तरीही व्याख्या मोडत नाही. ज्या जुन्या कोटाच्या भोकाने सगळ्यांना रडवले, त्याची गोष्ट रंगवून सांगता येते ती नवे कापड घरात आल्यावरच.

आणि बाजार? जुन्या कपड्यांची खरेदी-विक्री आपल्याला नवी नाही. आपल्या गल्ल्यांत बोहारीण येत होती, अजूनही काही ठिकाणी येते. भांड्यांची पाटी डोक्यावर, जुन्या कपड्यांचे गाठोडे पाठीवर. यांतल्या पुष्कळजणी गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजातल्या. घासाघीस ठरलेली. ‘‘ताई, अजून एक साडी टाका, मोठं पातेलं देते.’’ ती कपडे धुऊन, सांधून, इस्त्री करून पुढे विकते. दिल्लीतल्या अशाच व्यवहाराचा लूसी नॉरिस यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये पुस्तकरूपाने आला. आपण काय नेसलो-घातलो ते आपल्या नजरेआड कुणाच्या तरी अंगावर जाते. मध्ये भांडे असल्यामुळे देणारा आणि घालणारा यांची गाठ पडत नाही. माझ्या मते ही बोहारणीची सर्वांत मोठी कामगिरी. ती उपकाराचा कपडा बाजाराचा करते. साहेबांचा कोट आम्हाला तिच्यामार्फत मिळाला असता, तर आई त्या दिवशी गप्प झाली नसती.

दुसरे टोक पानिपतला. परदेशात टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे जहाजांनी येतात. घालण्याजोगे जुने कपडे परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, म्हणून ते चिरून, फाडून आणले जातात. बायका बसून बटणे, चेन, अस्तर काढतात. रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग ते पिंजून त्याचे पुन्हा सूत होते. ढीग रंगवार असल्यामुळे पुष्कळदा नव्याने रंगवावेही लागत नाही. या पुनर्वापराच्या लोकरीला ‘शॉडी’ म्हणतात. ती कला इंग्लंडमधल्या बॅटली गावी १८१३ मध्ये सुरू झाली. पानिपतात तिची स्वस्त घोंगडी होतात आणि आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटली जातात. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या छोट्या माहितीपटात तिथल्या कामगार बायका विचार करतात, की इतके चांगले कपडे ही माणसे टाकतात तरी का? त्यांचा एक तर्क असा, की तिकडे पाणी महाग असेल, धुणे परवडत नसेल. आपण या तर्काला हसतो. पण एकच कोट असलेल्याच्या बाजूने पाहिले, तर याहून समजूतदार स्पष्टीकरण मलाही सुचत नाही.

व्हिंटेजची बाजू मांडणारे तीन गोष्टी सांगतात. जुने वापरल्याने नव्या उत्पादनाचा भार कमी होतो. जुनी शिलाई टिकाऊ होती. आणि चारचौघांसारखे न दिसण्याचा आनंद मिळतो. पहिल्या दोन गोष्टी बव्हंशी खऱ्या आहेत. पण त्या अकाकीचा कोट सांधणाऱ्या पेत्रोविचला आणि आमच्या बोहारणीलाही लागू होत्या, आणि त्यांना कुणी पर्यावरणाचे सेवक म्हटले नाही. तिसरी गोष्ट मात्र निव्वळ दुसऱ्या कोटाची आहे. वेगळे दिसण्याची हौस ज्याला आहे, त्याला हवे तेव्हा सर्वांसारखे दिसताही येते. वडिलांना ती मुभा नव्हती. व्हिंटेजवर माझा आक्षेप आहे तो एवढाच. जुने घालू नये असे मी म्हणत नाही, उलट घालावेच. पण गरजेने जुने घालणाऱ्यांच्या शेकडो वर्षांच्या कसबाला बाजूला सारून त्याला आपल्या अभिरुचीचा शोध म्हणू नये.

वडिलांच्या कोटाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. थोरल्या भावाने पहिल्या पगारात त्यांना नवा कोट शिवला. त्याच आठवड्यात आईने जुना बोहारणीला दिला. तिने तो उजेडात धरला, कोपरे पाहिली, नाक मुरडले आणि एक पातेले काढले. वडील दारात उभे होते. त्यांनी पुढे होऊन एकदा खिसे चाचपले आणि कोट तिच्या हाती दिला. ते हसले नाहीत. हसले मी होते, सुटल्यासारखे, मोठ्याने.

हे सगळे मी भाचीला सांगितले. ती बराच वेळ कोटाच्या कोपराशी चाळा करत होती. मग म्हणाली, ‘‘आजोबांचा ठेवला असता, तर मी तोच घातला असता गं.’’ तिने तो खरोखरच मिरवला असता, याविषयी मला शंका नाही. पातेले अजून घरात आहे. त्या सकाळी चहा त्यातच ठेवला होता.